दोरी निवडणारी आत्या

चंद्राआत्याने जन्मात कधी मासा धरला नाही. ती मासा खातही नव्हती. गळ्यात माळ होती. तरी मुळशीच्या तळ्याच्या आमच्या काठावर तिचा हात लागल्याशिवाय एकही गळ पाण्यात पडत नसे. कोणत्या रात्री, कोणत्या जागी, कोणत्या माशासाठी कोणती दोरी घ्यायची, हे ती सांगायची आणि सात घरांतले सात दांडगे गडी ते निमूट ऐकायचे. त्या वाडीत मी सहा वर्षं शाळामास्तर होतो. सहा वर्षांत मी मुलांना काय शिकवलं त्याची नोंद शाळेच्या दप्तरात असेल. तिथं मी स्वतः काय शिकलो, ते कुठं लिहिलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

मी सासवडचा. वडील बाजारात पोती उचलायचे. आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिला. शिक्षकाची नोकरी लागली आणि पहिली नेमणूक मिळाली ती या भोयांच्या वाडीत, धरणाच्या पाण्याला लागून. पौडापासून पुढं यायला निम्मी वाट पायी. वीसेक घरं. काही जण डोंगरउतारावर नाचणी-वरी करत, काही मजुरीला जात, आणि सात घरं गळावर जगत. जाळं तिथं चालत नसे. पाण्याखाली जुन्या गावांचे बांध, आंब्यांची खोडं, पडक्या भिंती होत्या. जाळं टाकलं की अडकून फाटायचं. गळ मात्र नेमका टाकता यायचा.

पावसाळ्यात पाणी तांबडं असे. दिवाळी सरली की गाळ बसायचा आणि तळं असं नितळ व्हायचं, की पुरुषभर पाण्याखालचा खडा वेगळा दिसावा. बघणाऱ्याला ते सुंदर. गळकऱ्याला मात्र तीच अडचण. दिवसा माणसाची सावली पडली तरी मासा खोल जाई. त्यामुळं सगळी मासेमारी रात्रीची, आणि रात्रीसुद्धा त्या पाण्यात पांढरी दोरी लपत नसे. दोरी जाड झाली तर मासा शिवत नाही. बारीक झाली तर मोठा मासा तोडून नेतो. या दोहोंच्या मधली वाट आत्याला ठाऊक होती.

माझी आणि तिची पहिली भेट भांडणाने झाली.

त्या काळी शाळेत सूतकताई असे. मुलं टकळीवर सूत काढत, मी गुंड्या बांधून तालुक्याला पाठवत असे. एके दिवशी दुपारी दारात एक काटकुळी बाई उभी राहिली. वय पन्नाशीच्या पुढचं, हिरवट लुगडं, कपाळ मोकळं, बोटांची पेरं साल लावून लावून काळी पडलेली. तिने आत न येता खिडकीतल्या गुंडीला हात घातला, हातभर सूत ओढलं आणि दोन बोटांत फिरवून बघितलं.

"गुर्जी, ह्ये पोरांनी काडलंय का उंदरांनी?"

मी नवा, वर्दीसारखा कडक सदरा घातलेला. म्हणालो, "बाई, हे सरकारी काम आहे."

"आसू द्या की. सरकारला कुटं मासं धरायचं हाईत? पन माजा धाकला भाचा हितं शिकतो. हे असं सूत काडाय शिकला तर हिवाळ्यात उपाशी मरंल." मग तिने मुलांकडे बघितलं. "हिकडं या रं."

ती उंबऱ्यावरच बसली. टकळी मांडीवर घासून फिरवली आणि सूत उतरू लागलं, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जाडीचं. मुलं सरकत सरकत तिच्याभोवती येऊन बसली.  तासाभराने ती उठली आणि म्हणाली, "तुमचं चालू द्या सरकारी." त्यानंतर दर गुरुवारी ती यायची. कुणी बोलावलं नव्हतं आणि मी कधी नको म्हटलं नाही. पुढच्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी आमच्या शाळेचं सूत हातात घेऊन दोनदा बघितलं आणि मला शाबासकी दिली. ती मी आत्याला पोहोचवली. ती म्हणाली, "तुमालाच ठेवा. मला काय करायची?"

तिची कहाणी मला तुकड्या-तुकड्यांनी कळली. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती भावाच्या घरी आली. भावाची बहीण म्हणून साऱ्या वाडीची आत्या. दोरी वळायला ती बापाकडून शिकली होती. सूत आणायचं, टकळीवर पीळ घालायचा, तीन किंवा पाच पदर एकत्र वळायचे, मग ऐनाची साल आणि हिरडे घालून तांब्याच्या हंड्यात रात्रभर उकळायचं. त्याने दोरीला रंग चढे आणि ती कुजत नसे. याच्या बदल्यात सुगीला प्रत्येक घरातून तिला धान्य येई. ते ती भावजयीच्या कणगीत ओती. सरू, तिची भावजय, जिभेने जरा तिखट. "वन्सं, तुमची बोटं हालत्यात तवर ठीक हाय," असं ती हसत हसत म्हणायची. आत्याही हसायची. पण त्या घरात तिचं बसणं-उठणं कशावर टिकलं आहे, हे दोघींना पक्कं माहीत होतं.

तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या सकाळी सगळे गळकरी शंकरदादाच्या, म्हणजे आत्याच्या भावाच्या, अंगणात जमायचे. वर्षाची दोरी त्या दिवशी ठरायची. आत्या पायरीवर, समोर दोऱ्यांची वेटोळी. एकेकाने पुढं यायचं आणि तिच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. शाळेला सुट्टी असे म्हणून मी बघायला जाई, आणि दरवर्षी मला वाटे, परीक्षा घ्यावी तर अशी.

दगडू त्या सातांतला सगळ्यांत ताकदीचा आणि सगळ्यांत बोलका. तो पुढं आला.

"कुटं बसनार?" आत्याने विचारलं.

"टेकडीखालच्या कातळावर."

"काय गावतंय तितं?"

"खडस, आत्या! ह्यो येवढा. मी बगितलाय त्याला."

"तू बगितलास, म्हंजी त्यानंबी तुला बगितलं. कोनती दोरी म्हनतोस?"

"पाच पदरी. तोडून गेला तर?"

"तितं खाली सपाट वावर हाय. माज्या आज्यानं नांगरलेलं. अडकाया एक खुट न्हाई. त्याला पळू दे की वाईच. तीन पदरी घे. मनगटात जोर हाय ना, का निस्ता तोंडात?"

अंगण हसलं. दगडूने तीन पदरी उचलली. पाण्याखालची जमीन आत्याला अशी पाठ होती. लहानपणी त्याच वावरांतून ती वासरं वळत होती. कुठं विहिरीचं तोंड आहे, कुठं आंब्याचं खोड, कुठं मऊ गाळ, हे धरून ती दोरीची जाडी ठरवायची. खोडापाशी बसणाऱ्याला पाच पदरी, कारण अडकून घासली तरी टिकली पाहिजे. गाळावर बसून शिवड्याची वाट बघणाऱ्याला मऊ, जुनी, पाण्याने मुरलेली दोरी. "शिवडा अंधारात डोळ्यानं बगत न्हाई, मिशीनं बगतो. ताठ दोरी मिशीला लागली की गेला." आणि दोरी वळून झाली की, रंगवण्याआधी, ती सगळी, पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत, खालच्या ओठावरून ओढून बघायची. बोटांना घट्टे पडलेले. ओठाला गाठ, चीर, सैल पीळ लगेच कळतो असं ती म्हणे.

दगडू एकदा म्हणाला, "आत्या, तू मासं खात न्हाईस, मंग तुला कसं कळतंय?"

"खात न्हाई म्हून तर कळतंय. तुला दोरी बगितली की कालवन दिसतंय."

दुसऱ्या हिवाळ्यात एक वाद निघाला. पौर्णिमेच्या आसपास काळ्या दोरीला मासा लागेना. जुन्या, रंग उडून तांबूस झालेल्या दोरीला मात्र लागे. गडी म्हणत, योगायोग. आत्याला ते पटेना. हिरडा जास्त घालून काळीभोर केलेली दोरी रात्री दिसणार नाही, असंच तिने बापाकडून ऐकलं होतं. तीन दिवस ती दोन्ही दोऱ्या उलटसुलट करून बघत होती. मग म्हणाली, "मला होडीत न्या."

सरूने कपाळावर हात मारला. "बाईमानसानं रातचं पान्यावर? लोक काय म्हनतील?"

"माशाला काय दिसतंय ते लोकांना इचारून कळनार हाय का?"

बाई रात्री होडीत बसल्याचं वाडीत कुणाला आठवत नव्हतं. तिचा मोठा भाचा किसन, शंकरदादाचा थोरला, विशीतला गळकरी, आणि दगडू, असे दोघे वल्ही मारायला. त्यांचे हात मोकळे राहावेत म्हणून कंदील धरायला त्यांनी मला घेतलं. मला पोहता येत नाही हे मी कुणाला सांगितलं नाही.

चांदणं टिपूर होतं. तळ्याच्या मध्यावर किसनने होडी थांबवली. एका बाजूला काळी दोरी सोडली, एका बाजूला तांबूस. आत्याने मला कंदील विझवायला सांगितला, पदर खोचला, होडीच्या काठावर पालथी पडली आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड त्या गार पाण्यात बुडवून, मान वळवून वर बघू लागली. मी मनातल्या मनात आकडे मोजत होतो. ती वर आली, श्वास घेतला, परत गेली. मग दुसऱ्या बाजूला. असं सहा-सात वेळा. शेवटी उठून बसली तेव्हा दात वाजत होते, डोळे लाल.

दगडू म्हणाला, "आत्या, मासा भेटला का?"

"भेटला. म्हनला, दगडूला धाडून द्या, लई दिस हसलो न्हाई."

मग पदराने तोंड पुसत तिने सांगितलं. वरून बघताना काळी दोरी लपते. पण मासा खालून बघतो, आणि खालून बघितलं की वर उजळ आभाळ. त्यावर काळी दोरी कागदावरच्या शाईच्या रेघेसारखी उठून दिसते. तांबूस दोरी त्यात विरते. "आमावस्येला काळी. चांदन्याला तांबूस. माज्या बापाचं निम्मं बरुबर हुतं."  आपल्या बापाचं निम्मं चुकलं हे सांगताना तिचा आवाज खाली गेला नाही. त्या वेळी मी पुस्तकं वाचून बाहेरून बी. ए. करायचं मनात धरत होतो आणि हिंमत होत नव्हती. त्या रात्री परत येताना ती हिंमत कुठून आली ते मी कधी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "पान्यानं सर्दी हुती, हिंमत न्हाई."

माझ्या तिथल्या पाचव्या वर्षी किसन पावसाळ्यात कामाला म्हणून मुंबईला गेला आणि परत येताना एक पुडकं घेऊन आला. अंगणात त्याने ते सोडलं. आत तंगूस होती. नायलॉनची दोरी, केसासारखी बारीक, काचेसारखी आरपार. समुद्रावरचे कोळी आता हीच वापरतात, तो म्हणाला. सात जणांना सात वेटोळी.

"हिला पिळाया नको, वळाया नको. कुजत न्हाई, फुगत न्हाई. पाच पदरी सुताचं काम ही येकटी करती."

दगडूने दोन्ही हातांनी ताणून बघितली, तुटेना.  सगळे आत्याकडे बघत होते. आतून सरूचा आवाज आला, "मंग आता वन्सं काय करनार?"

या वेळी आत्या हसली नाही. तिने एक वेटोळं उचललं आणि म्हणाली, "चार दिस द्या."

चार दिवस ती त्या दोरीच्या मागे होती. दगड बांधून झाडाला टांगली. घागरीत भिजत ठेवली. नेहमीची गाठ मारली, ती निसटली. दोन वेढे जास्त घेऊन मारली, ती बसली. ओठावरून ओढली. मी गुरुवारी भेटलो तेव्हा मला म्हणाली, "गुर्जी, ही दोरी बोलत न्हाई." अंधारात गळाच्या दोरीला बांधलेलं तरंगतं लाकूड दिसत नाही; दोरी बोटावर घेऊन बसायचं आणि माशाचं तोंड लागलं की ते बोटाला कळायचं. सुताच्या दोरीतून ते स्पष्ट येई. तंगूस ताणली जाई, आणि हलका स्पर्श वाटेतच विरे.

"म्हणजे वाईट?" मी विचारलं.

"वाईट कशी? लई चांगली हाय. बारीक, अन बळाची. खडसाला ह्याच्यापरीस चांगली दोरी मी वळू शकनार न्हाई." हे बोलताना ती आपल्या टकळीकडे बघत होती. "चांगलीला चांगली म्हनाया पायजे."

चौथ्या दिवशी तिने सगळ्यांना तेच सांगितलं. शिवड्याला सूत, खडसाला तंगूस. फक्त एक खोट: कंदिलाच्या, चांदण्याच्या उजेडात ती चकाकते. कोळिष्टकावर दव पडल्यासारखी. समुद्राच्या पाण्यात चालत असेल, आपल्या पाण्यात चालणार नाही. तेव्हा रंगवली पाहिजे. आणि रंगवायची म्हणजे जशी तिच्या बापाने, आज्याने रंगवली तशीच. तांब्याचा हंडा, ऐनाची साल, हिरडे, रात्रभर जाळ. सातही वेटोळी तिने एकदम हंड्यात सोडली. सकाळी बाहेर काढली तेव्हा मधाच्या रंगाची झाली होती. गडी खूश झाले. आत्याही.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला सातही जण खडसासाठी तंगूस घेऊन बसले. थंडीतली ती सगळ्यांत भरवशाची रात्र. पहाटे मी तोंड धुवायला ओढ्यावर गेलो तर ते परतताना दिसले. कुणाच्याही पाटीत काही नव्हतं. सातही दोऱ्या तुटल्या होत्या, कुणाची एकदा, कुणाची तीनदा. दगडू सगळ्यांच्या पुढं होता. त्याच्या गळाला खडस लागला होता, तो त्याने कातळाजवळ आणलाही होता. शेपूट बघितलं आणि दोरी तुटली.

तो सरळ शंकरदादाच्या अंगणात गेला आणि हातातला तुकडा आत्यापुढं टाकला.

"ही बग तुजी निवडलेली दोरी. आत्या, आता तुजं डोळं गेलं. ऱ्हाऊ दे. हितनं पुडं ज्यानं त्यानं आपली दोरी बगावी."

कुणी त्याला गप्प केलं नाही. सरू दारात उभी होती. आत्याने तुकडा उचलला. "बाकीच्यांचंबी तुकडं द्या," एवढंच म्हणाली.

दिवसभर ती मागच्या पडवीत त्या सात दोऱ्या घेऊन बसली. मी मधल्या सुट्टीत जाऊन आलो. तिने वर बघितलं नाही. दोरी ओठावरून ओढत होती, मध्येच थांबत होती आणि त्या जागी चुन्याचं बोट लावत होती. संध्याकाळी किसनला पाठवून तिने सगळ्यांना बोलावलं. दगडू येणार नाही असं वाटलं होतं. आला, पण कुंपणापाशी उभा राहिला.

आत्याने एक दोरी अंगणात लांब पसरली. चुन्याचे ठिपके एकसारख्या अंतरावर होते. मग तिने ती वेटोळं करून हंड्यात ठेवली. सगळे ठिपके एका जागी, एकाखाली एक आले, हंड्याच्या एकाच बाजूला.

"त्या राती वारं हुतं. जाळ ह्या अंगाला लागला. काडा आटला, अन दोरी तापल्या हंड्याला चिकटली. सूत आसतं तर काय झालं नसतं. ही तितं मऊ पडली. मी रंगवायच्या आदी व्हटाला लावली, नंतर लावली न्हाई. सुताला त्याची कदी गरज लागलीच न्हाई." तिने हंडा बाजूला सारला. "दोरीत खोट न्हाई. तुमच्या हातातबी न्हाई. चूक माजी हाय."

 किसन तिच्या जवळ सरकला आणि हळू आवाजात बोलला. पण अंगण एवढं शांत होतं की सगळ्यांना ऐकू आलं.

"आत्या, कुनाला कळलं असतं? तंगूसच वाईट म्हनली असतीस तर समदी परत सुतावर आली असती. तुज्याकडंच."

"व्हय. आन येक चांगली दोरी तुमी जन्मभर टाकून दिली असती. माज्या मानासाठनं." तिने भाच्याकडे बघितलं. "तसला मान घिऊन मी बसू कुटं?"

मी पुढं कॉलेजची पुस्तकं वाचली, मोठ्या माणसांची चरित्रं वाचली. आपली चूक चारचौघांत सांगणारी माणसं त्यांत भेटली. पण जी चूक लपवली असती तर आपलं घरातलं स्थान शाबूत राहिलं असतं, ती चूक अशी ठिपके लावून, हंड्यात मांडून दाखवणारं माणूस मी एकच बघितलं. त्या अंगणात मी उभा होतो याचा मला आजही अभिमान वाटतो.

दगडू निघून गेला.

त्या रात्रीपासून तिची टकळी थांबली नाही. पुढच्या अंधाऱ्या पंधरवड्याच्या आत सात नवीन सुताच्या दोऱ्या हव्या होत्या, कारण हिवाळा वाया जाणं सात घरांना परवडणारं नव्हतं. तिने कुणाची मदत मागितली नाही. तिसऱ्या दिवशी सरू आपलं काम आटपून येऊन बसली आणि पदर वळू लागली. दोघी एकमेकींशी काय बोलल्या, बोलल्या की नाही, मला माहीत नाही. सात दोऱ्या वेळेवर झाल्या. सहा गेल्या. दगडूची दोरी खुंटीला तशीच राहिली. त्याने पुण्याहून स्वतःची तंगूस मागवली आणि चकाकणाऱ्या दोरीनिशी तो हिवाळाभर कातळावर बसला.

उन्हाळ्यात आत्याने तंगूस परत हातात घेतली. या वेळी काढा आधी उकळला, हाताला सोसेल इतका निवू दिला आणि मग दोरी त्यात सावलीत ठेवली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. रोज सकाळ-संध्याकाळ उलटायची. तुकडे करून, दगड टांगून, कोणता किती भार सोसतो ते बघायची. मातीच्या मडक्यात, तांब्याच्या हंड्यात नाही. कमी हिरडा चांदण्यासाठी, जास्त हिरडा अमावास्येसाठी. एकदा मला एक तुकडा दाखवून म्हणाली, "गुर्जी, तुमच्या बी. ए.ला किती वर्सं लागनार?"

"पास झालो तर चार."

"मला ह्याला तीन म्हैनं लागलं. तुमचं अवघड दिसतंय."

पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर अंगणात सहा जण आले. आत्याने प्रत्येकाला दोन दोऱ्या दिल्या, एक सुताची, एक तंगुसाची, आणि कोणत्या जागी कोणती ते सांगितलं. त्या हिवाळ्यात एकाचीही दोरी तुटली नाही. दगडू येता-जाता तिच्याशी बोले, तिच्यासाठी डोंगरावरून सालही आणून टाकी, पण दोरी दाखवायला आला नाही. आत्याने त्याला बोलावलं नाही. त्याची जागा मात्र ती राखून ठेवी. सहाव्याला दोरी दिली की थोडा वेळ थांबे आणि मग उठे.

त्याच वर्षी माझी बदली झाली. निघताना मी तिच्या पाया पडलो तर तिला संकोच वाटला. "मास्तर मानूस, पोरं बगत्यात," म्हणाली.

तीन-चार वर्षांनी मी बी. ए. झालो. आमच्या घरातला पहिला. निकाल घेऊन मी मुद्दाम वाडीला गेलो, तर शंकरदादाच्या घराला कडी. शेजारची म्हणाली, समदी पौडाला बाजाराला गेल्यात. मला त्याच दिवशी पुण्याला पोहोचायचं होतं. पेढ्यांचा पुडा शेजारणीकडे ठेवून मी परतीची वाट धरली आणि पुढं एसटी पकडली. बस पौडाच्या थांब्यावर उभी राहिली. बाजाराची गर्दी होती. खिडकीतून समोरच्या दुकानाकडे लक्ष गेलं आणि तिथं आत्या दिसली.

दुकानाच्या फळीवर तंगुसाची आठ-दहा वेटोळी उलगडून पडली होती. आत्या एकेक उचलून दाराशी उन्हात आणत होती, डोळ्यांजवळ धरून बघत होती आणि परत नेऊन ठेवत होती. केस पार पांढरे झाले होते. तिच्यामागे गडी उभे होते, हातात काही नाही, मध्ये बोलणं नाही. मी मोजले. सात होते.

दुकानदार घाम पुसत मोठ्याने म्हणाला, "अहो आजी, सगळ्या तालुक्यात हीच जाते. सगळे हीच नेतात!"

"नेत असतील की," आत्या म्हणाली. "त्यांचं पानी गडूळ आसंल. आमचं नितळ हाय."

तिने शेवटचं वेटोळं फळीवर ठेवलं. मी उठून हाक मारणार होतो. निकालाचा कागद खिशात होता. पण तेवढ्यात ती गड्यांकडे वळून म्हणाली, "न्हाई. ह्यातली येकबी न्हाई. चला, दुसऱ्या दुकानात बगू," आणि मी खिडकीतच थांबलो.

कुणी "का" विचारलं नाही. दुकानदार दोरी हातात धरून बघत राहिला आणि ती सगळी माणसं रिकाम्या हातांनी एकामागून एक पायरी उतरू लागली. बस सुटली. दगडू त्यांच्या पुढं धावत खाली आला होता, आत्याची पिशवी त्याच्या खांद्याला होती, आणि गर्दीतल्या माणसांना हाताने बाजूला सारत तो म्हणत होता, "सरका वाईच, सरका. आत्याला जाऊ द्या."